नांगर न घेणारी माणसं

बेळगावात राहणाऱ्याला किर्लोस्कर हे नाव आधी रस्ता म्हणून कळतं. किर्लोस्कर रोडवर आपण खरेदीला जातो, गर्दीत धक्के खातो, आणि हा किर्लोस्कर नेमका कोण हे विचारायचं राहून जातं. शाळेत एका वाक्यात उत्तर पाठ केलेलं असतं: लक्ष्मणराव किर्लोस्कर, थोर मराठी उद्योजक. पण या थोर उद्योजकाला आपला पहिला लोखंडी नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षं लागली, ही गोष्ट त्या वाक्यात नसते. मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते या दोन वर्षांमुळे.

जन्म २० जून १८६९, गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी हे गाव लक्षात ठेवायला हवं, कारण सौभद्रवाले अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच गावात त्यांच्या आधी २६ वर्षं जन्मले. एकाने नाटक कंपनी काढली, दुसऱ्याने नांगराचा कारखाना. आपल्या अभ्यासक्रमात फक्त पहिला असतो.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. मुलाने शिकून चांगली नोकरी धरावी अशी घरची साधी अपेक्षा होती. मुलाचं डोकं मात्र चित्रात आणि यंत्रात. १८८५ मध्ये तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथे कळलं की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला हे सांगितलं जातं तेव्हा काय होत असेल याचा मी बराच विचार केला. त्याने रंग सोडले आणि रेघ धरली. यांत्रिक ड्रॉइंग शिकला आणि नव्यानेच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागला. संध्याकाळी यंत्रशाळेत थांबायचं, मशीन उघडायचं, परत जोडायचं, अमेरिकन तांत्रिक मासिकं वाचायची, असा त्याचा दिनक्रम झाला.

मुंबईत सायकल पाहिली आणि तिथून धंदा सुरू झाला. वर्ष १८८८. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये होती असं सांगतात. तेव्हाचे सातशे रुपये! शिकवण्याची फी १५ रुपये वेगळी.

इथे जरा थांबते, कारण पुढच्या गोष्टीचं बी इथेच आहे. सायकल घेऊ शकणारा माणूस बेळगावात पैशाने कमी नव्हता. लष्करी छावणी होती, वकील होते, अधिकारी होते. पण ज्याने आयुष्यात दोन चाकांवर तोल सांभाळलेला नाही, तो दुकानात उभा राहून किमतीबद्दल बोलतो आणि मनात पडण्याला घाबरत असतो. चारचौघांत रस्त्यावर आपटलो तर? ही भीती कोण बोलून दाखवणार? महाग आहे, बघू नंतर, असं म्हणून तो निघून जातो. अशा माणसाला किंमत उतरवून दिली तरी तो घेणार नाही. त्याला चालवायला शिकवलं तर घेईल. किर्लोस्कर बंधू शिकवत होते. ते पूर्ण विचार करून केलं की सहज सुचलं, हे सांगता येणार नाही, पण उत्तर बरोबर जागी लागलं एवढं दिसतं.

मुंबईची नोकरी पुढे एका अन्यायावर संपली. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावला आले.

सायकलीच्या धंद्यात एक अडचण होती. माल दुसऱ्याचा, आपण नुसते मधले. त्यांना स्वतः काहीतरी बनवायचं होतं, आणि भोवती बघितलं तर सगळी शेती. म्हणून पहिल्यांदा कडबा कापायचं यंत्र केलं. आख्खा कडबा टाकला की जनावर पानं खातं आणि जाड बुडखे तुडवून टाकतं. बारीक कापला की सगळा पोटात जातो. मागच्या काही वर्षांत १८९६ आणि १८९९ असे दोन मोठे दुष्काळ येऊन गेले होते, वैरणीची किंमत सगळ्यांना कळली होती.

मग नांगर. १९०३ साल. योगायोग म्हणजे त्याच वर्षी त्यांचा मुलगा शंतनुराव जन्मला, जो पुढे अमेरिकेत एमआयटीला शिकून या कारखान्याचा फार मोठा पसारा करणार होता. पण १९०३ मध्ये पसारा वगैरे काही नव्हता. ठळकवाडीला, म्हणजे आजच्या टिळकवाडीला, छोटासा कारखाना होता आणि त्यात तयार झालेले नांगर होते. गिऱ्हाईक येत नव्हतं.

शेतकऱ्यांची हरकत एकच सांगितली जाते: लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनतं, जमीन नासते. लक्ष्मणरावांवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात हे वाक्य येतं आणि त्यापुढे शेतकरी अंधश्रद्धाळू होते असा शेरा येतो. मग लेखक पुढच्या परिच्छेदात किर्लोस्करवाडीला पोचतो. मला हा शेरा पटत नाही.

एक साधी गोष्ट घ्या. लाकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच असतो. माझ्या आजोबांच्या घरी, खानापूरकडे, पडवीत जुना लाकडी नांगर आडवा पडलेला असायचा. हाळीस किडलेलं, रुमणं कुणीतरी चुलीत घातलेलं, पण फाळ शाबूत होता. म्हणजे लोखंड शेकडो वर्षं जमिनीत जातच होतं. शेतकऱ्याला हे लक्ष्मणरावांपेक्षा जास्त माहीत होतं. तरीही तो विष म्हणतो, तेव्हा त्याला दुसरं काहीतरी म्हणायचं असणार.

काय असू शकेल? मी शेतकऱ्याच्या जागी बसून बघते.

लाकडी नांगर माती उकरतो, पण उलथत नाही. लोखंडी नांगराला वळणदार पत्रा असतो, तो मातीचा थर कापून उलटा पाडतो. खोल गेला तर खालची कच्ची माती वर येते, आणि अशी माती वर आली की पहिल्या वर्षी पीक मार खाऊ शकतं. हे आजचं शेतीशास्त्रसुद्धा मानतं. ज्याने कुठे असं झालेलं पाहिलं किंवा ऐकलं, त्याने त्याला विष म्हटलं तर शब्द चुकला असेल, निरीक्षण चुकलेलं नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. लाकडी नांगर गावचा सुतार करून द्यायचा, फाळ लोहार शेवटून द्यायचा, आणि दोघांना सुगीत धान्य जायचं. रोख पैशाचा प्रश्न नव्हता. लोखंडी नांगराला रोख मोजावी लागणार. बरं, तो मोडला तर? सुताराकडे त्याचा उपाय नाही, लोहाराला ओतीव लोखंड जोडता येत नाही. पेरणीचे दिवस तोंडावर आणि नांगर मोडून पडलेला. सुटा भाग आणायला बेळगाव गाठायचं की घात सांभाळायची? शिवाय सुताराकडचं काम बंद केलं तर घराच्या दारा-खिडक्यांना, गाडीला, तिफणीला उद्या त्याच्याच दारात जायचं आहे.

तिसरी बैलांची. काळ्या भारी रानात खोल नांगरायला जास्त बैल लागतात. एक जोडी असलेल्याने काय करायचं? सावड करायची, शेजाऱ्याच्या मनधरण्या करायच्या.

यातलं एकही कारण कोण परक्या कारखानदाराला सांगेल? आपल्याकडे पैसे नाहीत, बैल कमी आहेत, सुताराशी वाकडं घ्यायची हिंमत नाही, हे सांगताना मान खाली जाते. लोखंडाने जमीन नासते म्हटलं की बोलणं तिथेच संपतं आणि अब्रू राहते. माझं असं मत आहे की तो एक शिष्टाचाराचा नकार होता. आपणही दारात आलेल्या विक्रेत्याला घरात मोठं कुणी नाही असं सांगतोच की.

गेल्या सुट्टीत मी दोन महिने एका क्लासच्या ऑफिसात फोनवर प्रवेश विकायचं काम केलं. आमच्या हातात एक छापील कागद असायचा. पालक फी जास्त आहे म्हणाले तर हे बोला, विचार करून सांगतो म्हणाले तर ते बोला, मुलगी तयार नाही म्हणाले तर तिसरं बोला. याला ऑब्जेक्शन हँडलिंग म्हणतात. कागदात एक जागा कुठेच नव्हती: पालकांना काही विचारून त्यांचं ऐकून घ्यायची. आणि ऐकलं तरी क्लासमध्ये काही बदलणार नव्हतं. फी तीच, वेळ तीच, बस नाहीच. म्हणून लक्ष्मणरावांची दोन वर्षं मला त्या कागदाच्या बरोबर उलट वाटतात. ते नुसतं बोलणं सुधारत बसले नाहीत. नांगर सुधारत बसले.

कारण शेतकऱ्याच्या मनातल्या काही शंका खऱ्या होत्या आणि त्या नांगरातच होत्या. बाजारात विलायती नांगर होते, इंग्लंडच्या रॅन्सम कंपनीचे. त्यांचा फाळ टणक, कारण ओततानाच तो एका बाजूने झटकन थंड करायचं तंत्र त्या कंपनीकडे शंभर वर्षांपासून होतं. एक बाजू कडक, दुसरी जरा मऊ. झिजताना धार आपोआप राहते. बेळगावच्या छोट्या कारखान्यात तशी भट्टी नव्हती, तसं लोखंड नव्हतं, शिकवणारा कुणी नव्हता. मासिकं वाचून आणि चुकत चुकत ते जमवावं लागलं. फाळ लवकर झिजतो अशी तक्रार आली तर तिला बोलून उत्तर देता येत नाही. भट्टीतूनच द्यावं लागतं.

असा दोन वर्षांचा काळ गेल्यावर पहिले नांगर विकले गेले. संख्या सहा सांगतात. सहा नांगरांत कारखाना चालत नाही, पण सहा नांगर सहा शेतांत उभे राहतात आणि शेजारचा बांधावरून बघतो. हरळी आणि कुंदा ही कृष्णाकाठच्या काळ्या रानाची जुनी दुखणी. मुळं खोल जातात, लाकडी नांगराने वरवर तुटतात आणि पावसानंतर दुप्पट फुटतात. खोल जाणाऱ्या लोखंडी नांगराने मुळं उलटून उन्हात पडतात आणि वाळतात. पुढच्या पावसाळ्यात रान मोकळं दिसलं की विषाचा विषय कोण काढणार? हे दाखवायला एक पूर्ण वर्ष जावं लागतं, ही मात्र अडचण. सायकल आठवड्यात शिकता येते, जमीन वर्षाने बोलते. नांगर विकणाऱ्याला म्हणूनच पोटाला चिमटा काढून थांबावं लागतं.

हे चाललेलं असतानाच बेळगाव नगरपालिकेने शहर वाढवायला ठळकवाडीची जागा मागितली. कारखाना उठवायची वेळ आली. आपल्या शहराने त्यांना जा म्हटलं, हे आपण बेळगावकर फारसं बोलत नाही. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, नव्या गोष्टींची आवड असलेले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान आणि सापांचं राज्य. १९१० मध्ये तिथे काम सुरू झालं आणि त्या माळाचं किर्लोस्करवाडी झालं. स्टेशनचं नावही पुढे तेच पडलं. रामूअण्णांनी वस्तीची व्यवस्था बघितली, शंभोअण्णा जांभेकरांनी यंत्रं. रात्रीच्या राखणीला शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती, हा भाग वेगळ्या लेखाचा आहे.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर चरित्र गोड गोड होतं. नांगराचा खप वाढण्यात पहिल्या महायुद्धाचा मोठा हात होता. १९१४ नंतर विलायती माल येणं जवळजवळ बंद झालं. प्रतिस्पर्धीच बाजारातून गेला. मात्र त्याच युद्धाने लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ केला. मागणी आहे आणि ओतायला काही नाही, अशी वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर झाला. यावर कुणी कविता लिहिली असेल तर मला दाखवा; नसेल तर आपल्या मंडळातल्या कवींना विषय देते आहे. तर, नशीब होतंच. पण १९१४ मध्ये रॅन्समच्या जागी ठेवण्याइतका चांगला नांगर तयार होता, तो आधीच्या अकरा वर्षांत न विकल्या गेलेल्या नांगरांमुळे.

विक्रीचं पुढचं काम पुतण्याने केलं. शंकरराव, वासुदेवरावांचा मुलगा, आपण ज्यांना शंवाकि म्हणून ओळखतो. हाही चित्रकार व्हायला निघालेला मुलगा, आणि याला रंग नीट दिसत होते. तो कारखान्यात आला आणि नांगर घेऊन गावोगाव हिंडला. जाहिरातीची चित्रं स्वतः काढायचा. गावोगावच्या माणसांना काय वाटतं, काय अडतं, हे समजून घ्यायचं आणि त्यांच्याशी बोलत राहायचं तर दर वेळी माणूस पाठवणं परवडत नाही. म्हणून १९२० मध्ये त्याने एक छोटं पत्रक काढलं, किर्लोस्कर खबर. अमेरिकेत फोर्ड कंपनी गिऱ्हाइकांसाठी एक मासिक काढायची, त्यावरून कल्पना घेतलेली. आधी कारखान्याच्या बातम्या, यंत्रांची माहिती. हळूहळू गोष्टी आल्या, विचार आले, वाद आले. खबरचं पुढे किर्लोस्कर मासिक झालं, १९३० मध्ये स्त्री आलं, १९३४ मध्ये मनोहर. आपण ज्या मासिकांतल्या कथांवर असाइनमेंट लिहितो, ती नांगर विकण्याच्या गरजेतून निघाली. मराठी विभागात हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अर्ध्या वर्गाला थट्टा वाटली.

१९२० मध्येच किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. नांगराच्या मागोमाग उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप, लोखंडी फर्निचर असा माल निघत गेला. पंप विकताना बहुधा विषाची भाषा कुणी केली नसेल. शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेहून परतले आणि पुढे हरिहर, बंगळूर, पुणे असा विस्तार झाला. तो सगळा हिशोब कंपनीच्या इतिहासात आहे, इथे नको.

मला त्यात आवडतं ते एवढंच की लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला शहाणं करायचा आव आणला नाही. त्या काळचे सुशिक्षित लोक शेतकऱ्याच्या अज्ञानावर भरपूर भाषणं करायचे. हा माणूस मुंबईत शिकवून आलेला, इंग्रजी मासिकं वाचणारा, त्यालाही ते सहज जमलं असतं. त्याने गिऱ्हाइकाची हरकत कारखान्यात नेली आणि तिथे तिच्यावर काम केलं. जी हरकत नांगराची नव्हती, पैशाची किंवा बैलांची होती, तिच्यावर त्याच्याकडे सगळं उत्तर नव्हतं. एका जोडीच्या शेतकऱ्याला मोठा लोखंडी नांगर पुढेही परवडला नाही. त्याचं नाही हे शेवटपर्यंत नाहीच राहिलं असणार, आणि ते बरोबरही होतं. अशा माणसाच्या गळ्यात कर्ज काढायला लावून नांगर मारला असता तर विक्री वाढली असती, पण मग मी हा लेख लिहिला नसता.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात वारले. वय ८७. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. आमच्या घरी जुन्या तिकिटांचा एक अल्बम आहे, पप्पांच्या लहानपणचा. त्यात मी ते शोधलं. नाही सापडलं. कुणाकडे असेल तर मंडळाच्या खोलीत आणून दाखवा, फलकावर लावू.